कॉलरवरचा चिमटा

वेरिटी: आई, आधी बूट काढ, कोट काढ, बस आणि मग ऐक. मध्ये बोलायचं नाही.

मार्लिस: माझी गाडी दोन तास बर्फाच्या खड्ड्यात होती, वेरिटी. एवढंच सांग, गुरुवारच्या वर्गाला चर्चचं तळघर अजून आपलं आहे की गेलं?

वेरिटी: आहे.

मार्लिस: वर अंत्यविधी आणि खाली सव्वीस मुलं. पास्टर लिंडग्रेननी मागच्याच महिन्यात ऐकवलं होतं, आणखी एकदा गोंगाट झाला तर 'घरी शिकवता ना, मग गुरुवारीही घरीच बसा.'

वेरिटी: आहे म्हटलं ना.

मार्लिस: सांभाळलं कोणी?

वेरिटी: मी. म्हणजे, पहिली पाच मिनिटं. सगळ्या आया वर स्वयंपाकघरात अंत्यविधीला आलेल्यांसाठी हॅमचे पाव भरायला गेल्या. जाताना म्हणाल्या, वेरिटी आहे ना, पंधरा वर्षांची घोडी झालीय. आणि आपली मुलं तुला माहीतच आहेत, घरी शिकलेली. भूक लागली की खातात, प्रश्न पडला की ओरडतात. मी 'शू' म्हटलं, तर सव्वीस जणं एकमेकांना 'शू' करायला लागली. नुसता शूचाच दंगा.

मार्लिस: कपड्यांचे चिमटे कशाला ठेवलेत मग? दंगा करणाऱ्याचं नाव लिहिलेला चिमटा त्याच्याच हातात द्यायचा, त्यानं जाऊन आपल्या आईच्या कॉलरला लावायचा. दुसऱ्याच्या मुलाला आपण रागवत नाही.

वेरिटी: सव्वीस मुलं चिमटे घेऊन शवपेटीसमोरून स्वयंपाकघरात पाठवू?

मार्लिस: ...बरं. जुनियानं काय केलं?

वेरिटी: तिथेच तर येतेय.

मार्लिस: वाटलंच. सात वर्षांची पोर, पण तिच्या आईची, ऑड्राची कॉलर बघितलीस? बाई चालतेय की वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, कळत नाही. आज संध्याकाळी सातला सगळ्या आया इथे जमणार आहेत, ऑड्राचं घर गटात ठेवायचं की नाही ते ठरवायला. मी तक्रार लिहून ठेवलीय. 'वर्ग चालू असताना उठते. भिंतीला, खांबाला, नळाला हात लावत फिरते.'

वेरिटी: आजही उठली. वर ऑर्गन सुरू झाला, तशी मधल्या खांबापाशी गेली. दोन्ही तळवे टेकवले, मग गाल टेकवला. मी मनात म्हटलं, संपलं सगळं. तर हळूच मला म्हणते, 'खांब गुणगुणतोय.'

मार्लिस: खांब.

वेरिटी: ज्याला आपण नकाशा अडकवतो तो. मी हात लावला. आई, खरंच गं. लाकडातून ऑर्गनचा खालचा सूर येत होता, पार दातांपर्यंत. सहा वर्षं मी त्या खांबाला टेकून डबा खातेय आणि मला पत्ता नाही. मग एकेक जण उठून आला. खांबाला जागा पुरेना, तर जुनियानं मागच्या मुलाचा हात ओढून स्वतःच्या पाठीवर ठेवला. त्याच्या पाठीवर पुढच्याचा. अशी अख्खी रांग, पार कपाटापर्यंत.

मार्लिस: शेवटच्याला काय जाणवणार?

वेरिटी: शेवटी मीच होते. सूर नाही पोचला. पण माझ्यापुढे टोबायस होता, त्याचा श्वास हाताला लागत होता. आणि वरचं गाणं थांबलं की त्याचाही थांबायचा. सगळ्यांचाच थांबायचा. चाळीस मिनिटं, आई. एकाला शिंक आली, ती त्यानं टोपीत शिंकली.

मार्लिस: सव्वीस मुलं. चाळीस मिनिटं.

वेरिटी: मी कुणाला काही सांगितलं नाही. जुनियाही काही बोलली नाही.

मार्लिस: पास्टर?

वेरिटी: खाली दिवे मालवायला आले. आम्ही अजून तसेच उभे. म्हणाले, 'मला वाटलं, बर्फामुळे मुलं आज आलीच नाहीत.' नंतर उरलेले पाव आम्हाला आणून दिले.

मार्लिस: ऑड्रानं पाहिलं का हे?

वेरिटी: पास्टरनीच तिला वरून बोलावलं. ती जिन्यातूनच कॉलर पुढे करत उतरली. चिमटा लावून घ्यायला. पण मला एक कळत नाही. अंत्यविधी आहे हे आम्हाला दारात शवपेटीची गाडी बघून कळलं. आणि पास्टर म्हणतात, मी सोमवारीच तुमच्या घरी फोन केला होता.

मार्लिस: टेबलावरची ती तक्रार घे.

वेरिटी: जुनियाची? फाडू?

मार्लिस: उलटी कर. वाच.

वेरिटी: 'गुरुवार, सकाळी दहा, अंत्यविधी. सगळ्यांना कळवणे.' ...हे तुझं अक्षर आहे.

मार्लिस: फोन ठेवला आणि कागद उलटून पुन्हा तक्रार लिहायला बसले. कळवायचं राहूनच गेलं.

वेरिटी: सातला सगळ्या येतील.

मार्लिस: येऊ देत. तू त्यांच्या जेवणाच्या हॉटडिशचं भांडं ओव्हनमध्ये सरकव. आणि चिमट्यांच्या डब्यात बघ, एखादा कोरा आहे का.

वेरिटी: आहे. नाव कोणाचं लिहू?

मार्लिस: माझं. आणि कॉलरला नीट लाव, ऑड्राला दारातूनच दिसला पाहिजे.