टोपलीचं झुंबर

अगं, झुंबराचं काय विचारतेस! चंदनसारचा आमचा नवा फ्लॅट सजला होता, फक्त हॉलमधला बल्ब तेवढा उघडा लोंबत होता. नणंदबाईंचा हट्ट, काचेचं झुंबरच हवं. मी ऐकते कसली? राजोडीच्या कोळणीकडून मासळीची कोरी टोपली आणली. ती हसून म्हणाली, "बाय, यातून पानी गलतं, उजेडबी गलेल!"

टोपली उलटी करून बल्बवर टांगली, तर नणंदबाईंनी नाक मुरडलं. "वहिनी, हॉलमध्ये मासळीची टोपली? वास येईल!"

वास्तुशांतीच्या संध्याकाळी दिवा लावला आणि भिंतींवर उजेडाची जाळीच पसरली. पाहुणे जेवण सोडून वर बघत बसले. निघताना नणंदबाई हळूच म्हणाल्या, "वहिनी, मलाही एक आणाल?"

म्हटलं, "आणते की! पण बघा हं, वास येईल."