हारासाठी गार्ड

माझा जीपचा धंदा बुडवला तो थोरल्या काकांनी. कॉलेज सोडून मी लष्करातली जुनी जीप घेतली, मंगळवेढ्याच्या कच्च्या वाटांवर भाडं मारायला. हातात एकाच कामापुरते पैसे उरले होते.

"काका, इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला दगड लागला तर सगळं तेल जाईल. त्याच्याखाली जाड पत्रा बसवू."

"खालचं कोण बघतंय? पुढं बंपरला चकचकीत लोखंडी गार्ड बसव की. पूजेचा हार कुटं घालणार, चेंबरला?"

गार्ड बसला, हार चढला. पहिल्या फेरीला दोन्हीकडं ज्वारी डोलत होती, झेंडूचा वास येत होता, जीप कणसांवरनं तरंगत चालल्यासारखी वाटत होती. खाली दगड खट्कन लागला, तोही स्वप्नातलाच वाटला. काकांनी उतरून गार्ड तेवढा पाहिला.

"खरचटलंसुद्धा न्हाय. चल की!"

फुटल्या चेंबरातलं तेल वाटेत सांडत गेलं. इंजिन जाम झालं. जीप भंगारात गेली.