हजर, पण उसनी

नाव: सुझान फर्डिनंड तुस्कानो
वय: ७२ वर्षे
धंदा: सेवानिवृत्त प्राध्यापिका (इतिहास)
राहणार: वटार, तालुका वसई, जिल्हा पालघर

समक्ष पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर वडिलांच्या घरात एकटी राहते. संत युस्टस मराठी प्राथमिक शाळा माझ्या घरासमोर आहे. मी याच शाळेत शिकले. शाळा समितीचे सचिव फ्रान्सिस डाबरे यांना मी त्यांच्या लहानपणापासून ओळखते. त्यांची भाजीची वाडी आहे व स्वतःचा टेम्पो आहे. कॉलेजात ते माझे विद्यार्थी होते. यापुढे मी त्यांचा उल्लेख एकेरीत करीन, सवय आहे. फ्रान्सिस हुशार नव्हता. खोटे बोलणाराही नव्हता.

शाळा अनुदानित आहे. गेल्या काही वर्षांत गावातली मुले बोळिंजच्या इंग्रजी शाळांच्या बसमध्ये बसू लागली. पटावर नावे राहिली, मुले गेली. पट ठरलेल्या संख्येखाली उतरला की अनुदान बंद होते आणि शाळेला कुलूप लागते. पटपडताळणीला अधिकारी येणार हे गावात सर्वांना माहीत होते.

गेल्या महिन्यात शाळेला दीडशे वर्षे झाली, त्या कार्यक्रमात मी भाषण केले. ते या प्रकरणाशी संबंधित आहे म्हणून सांगते. इंग्रज सरकार त्या काळी अशा शाळांना मदत देई ती हजेरी पाहून आणि तपासणीच्या दिवशी समोर बसलेल्या मुलांची परीक्षा घेऊन. जो मुलगा त्या दिवशी बाकावर नाही, त्याच्या नावाची मदत नाही. मुले लावणीला गेलेली असत, मिठागरावर असत, वाडीला पाणी शिंपत असत. वरून पत्र येई की हजेरी असमाधानकारक आहे. म्हणून तपासणीला डिपुटी साहेब यायचा त्या दिवशी गाव अर्नाळ्याहून कोळ्यांची पोरे बैलगाडीत घालून आणी. त्यांना उसनी पोरे म्हणत. ती परीक्षेत पास होणे शक्य नव्हते, पण हजेरी भरून निघे. त्यांना एकच शब्द शिकवलेला असे: हजर.

हे मी गंमत म्हणून सांगितले. लोक हसले. फ्रान्सिस सर्वांत मोठ्याने हसला.

आज सकाळी समितीने मला शाळेत बोलावले, पडताळणीला आलेल्या साहेबांना शाळेचा इतिहास सांगण्यासाठी. शिक्षिका सॅन्ड्रा लोपीस हजेरी घेत होत्या. आमच्या शाळेत अजून 'हजर' म्हणतात, 'प्रेझेंट' म्हणत नाहीत. चार नावांच्या वेळी सॅन्ड्रा खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या चार नावांची मुले मला माहीत आहेत. ती इंग्रजी शाळेच्या गणवेशात रोज माझ्या दारावरून जातात. त्यांच्या जागी दुसरीच मुले बसली होती व मोठ्याने हजर म्हणत होती. साहेबांनी डोकी मोजली, चहा घेतला, इमारत जुनी असूनही स्वच्छ आहे असे म्हणाले आणि गेले. शाळेचा इतिहास त्यांनी विचारला नाही.

मी शेवटच्या बाकावरच्या मुलीला विचारले, "नाव काय तुझे?"

ती म्हणाली, "कुठलं? सकालचं का घरचं?"

घरचे नाव प्रीतल निघाले. वय आठ, राहणार पाचूबंदर. इथे कशी आलीस, असे विचारल्यावर म्हणाली, "मी आज उसनी आलेय. फ्रान्सिसकाका बोलले, उसन्या पोरींना वडापाव भेटतो." तिने तो खाल्लेला होता. ती रडत नव्हती, घाबरलेली नव्हती. बाकावर कोणी ढकलत नाही म्हणून तिला वर्ग आवडला, असे तिने मला न विचारता सांगितले.

मी फ्रान्सिसला व्हरांड्यात गाठले व हे काय आहे असे विचारले. तो म्हणाला, "टीचर, तुम्हीच तर सांगितलंत."

मी म्हणाले, "मी इतिहास सांगितला."

"मग तोच केला," तो म्हणाला. "दीडशे वर्षं शाळा कशी टिकली ते तुम्ही माईकवरून सांगता आणि आम्ही नुसतं हसायचं?"

ही मुले आज त्यांच्या स्वतःच्या शाळेत गैरहजर लागली असतील, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले. त्यावर तो म्हणाला, "तिकडे पुष्कळ आहेत, टीचर. चार कमी झाली तर कोणाला कळतंय?"

बाकी तिघांच्या घरी त्याने विचारले होते. प्रीतलची आई विनिता मासळी घेऊन बाजारात गेली होती, म्हणून तिच्या दिराला, परेशला, विचारले, असे फ्रान्सिस म्हणतो. परेश आता म्हणतो की मला कोणी विचारले नाही. यात खरे काय ते मी ऐकलेले नाही, म्हणून त्याबद्दल काही सांगत नाही.

आम्ही बोलत असतानाच पोलिसांची गाडी आली. तीत विनिता होती. घरी परतल्यावर मुलगी दिसेना म्हणून तिने तक्रार दिली होती, आणि मुले टेम्पोत चढताना कोणीतरी पाहिली होती. विनिता अनवाणी होती. तिने प्रीतलला दंडाला धरले, पाठीत एक धपाटा घातला आणि मग बराच वेळ सोडले नाही. फ्रान्सिस समजावू लागला, तेव्हा ती म्हणाली, "माझी पोर काय टोपली हाय, उसनी द्यायला?"

 

ठाण्यात फ्रान्सिसने सांगितले की मुलांना सहलीला आणले होते. ते खरे नाही. ते त्याने शाळेसाठी सांगितले. पण आईला न विचारता परक्या मुलीला टेम्पोत घालून सहलीला का नेले, याचा खुलासा त्याला देता येत नाही आणि देता येणारही नाही, म्हणून त्याच्यावर मुलगी पळवल्याचा गुन्हा लागण्याची वेळ आली आहे. मुले मोजणीपुरती आणली होती असे सांगितले, तर तो आरोप टिकत नाही, पण पडताळणी खोटी ठरते. म्हणजे एक तर फ्रान्सिस, नाही तर शाळा.

मी जबाबाला आत येण्यापूर्वी समितीचे अध्यक्ष रामनाथ वर्तक मला बाहेर भेटले. म्हणाले, "बाई, सहलच म्हणा. फ्रान्सिसला आपण वकील देऊ, सोडवून आणू. शाळा एकदा गेली की परत येत नाही." रामनाथ वाईट गृहस्थ नाहीत. त्यांची आजी त्या शाळेत शिकली, माझे वडील शिकले, मी शिकले. त्यांना मी सांगितले की मी पस्तीस वर्षे मुलांना सनावळ्या खऱ्या सांगितल्या, आता आजची तारीख खोटी सांगणार नाही. त्यांनी नमस्कार केला व बाकावर जाऊन बसले.

तरी मी सांगते की चारही मुले पडताळणीत संख्या भरण्यासाठी आणली होती. तपासणी झाल्यावर त्यांना घरी सोडायचे ठरले होते. फ्रान्सिसचा दुसरा काही हेतू नव्हता. आईला विचारले नाही, ही त्याची चूक आहे आणि ती मोठी आहे.

हवालदार शत्रुघ्न यांनी वरील मजकुरात "अल्पवयीन मुलीस फूस लावून" असे लिहिले होते. ते शब्द माझे नाहीत, म्हणून मी खोडायला लावले. त्या जागी "उसनी आणली" असे लिहावे असे सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, असा शब्द कायद्यात नाही."

मी म्हणाले, "गावात आहे. लिहा."

हे चालू असताना विनिता दाराशी उभी होती. तिने विचारले, "म्हंजे नुसती मोजायला नेली व्हती?" मी हो म्हणाले. "आन् आता शाला?" मी सांगितले की बहुधा बंद होईल. ती म्हणाली, "येड्यांनो, मला इचारायचं ना. एक कशाला, दोनी पोरी दिल्या असत्या." तक्रार मागे घेते असे ती म्हणाली नाही. तो तिचा प्रश्न आहे.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, गावात आमच्या घराला कोणी तुस्कानोंचे घर म्हणत नाही. उसन्यांचे घर म्हणतात. माझे पणजोबा लहानपणी डिपुटी साहेबासाठी अर्नाळ्याहून आणलेले होते. संध्याकाळी बैलगाडी परत गेली आणि ते मागे राहिले. त्यांना ज्यांनी ठेवून घेतले, त्यांचे आडनाव आम्ही लावतो. त्यांना शोधत कोणी आले होते का, हे आमच्या घरात कोणालाही माहीत नाही. मी भाषणात हे सांगितले नव्हते.

प्रीतलची आई आली. हे जबाबात नोंदवावे.

जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला आणि नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून प्रत्येक दुरुस्तीपाशी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे.

सही
सुझान फर्डिनंड तुस्कानो
(उसने)