वाघाचे पट्टे

आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत आलेले, म्हणून घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की कन्नड, तसेच वाढलो आम्ही. मी बोर्ड रंगवायचो, नंजनगूडपर्यंत दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या होत्या बघा. खोली एवढीशी, खिडकी नाही, थिनरचा वास डोक्यात भिनलेला, संध्याकाळी त्याच थिनरनं हात धुवायचे आणि जेवायला बसायचं. कोण सांगणार होतं आम्हाला.

दसऱ्याला माझा धाकटा भाऊ गोपाळ वाघ व्हायचा, हुलीवेष म्हणतात की हो इथं, अंगभर पट्टे काढून ढोलावर नाचायचं. पट्टे मी काढायचो. पाट्यांचाच ऑइलपेंट, थिनर घालून पातळ केलेला. आग होतेय अण्णा म्हणायचा, मी म्हणायचो वाघानं सोसायचं असतं, सुम्मं राहा, उगी राहा.

काय सांगू तुम्हाला, एका वर्षी तीन दिवस नाचला, रंग वाळून कातडं ओढायला लागलं. घरात बायकामाणसं म्हणून खोलीचं दार लावलं आणि मी थिनरचे बोळे घेऊन पुसायला बसलो, पाठ पुसली, छाती पुसली, आणि तो बोलायचाच थांबला. ओकला आणि माझ्या अंगावर कोसळला. ऑटोत घालून दवाखान्यात नेला. शुद्धीवर आला तशी डॉक्टरीणबाई विचारायला लागल्या, कुणी लावलं हे, कुणी पुसलं. मी रंगानं माखलेले हात पाठीमागं लपवले. गोपाळच म्हणाला, मीच केलं मॅडम, माझं मीच.

महिनाभर त्याला पाठ टेकता आली नाही, फोड फुटायचे, मी मलम लावायचो. पुन्हा वाघ नाही झाला तो. एकदा मी विचारलं, खोटं कशाला बोललास रे. तर म्हणाला, परवागिल्ल अण्णा, चालतंय, तुला कुणी बोललेलं मला बघवलं नसतं.

आता माझे हात थरथरतात, बशी धरली की चहा सांडतो, नावं आठवत नाहीत. इतक्या वर्षांच्या थिनरनं झालं असणार म्हणतात डॉक्टर. गोपाळ बोगादीहून रविवारी येतो, माझी दाढी करून देतो. वाघवाले अजून दसऱ्याआधी विचारायला येतात, पट्टे कसे काढायचे. मी सांगतो, अंगाला लावायचा रंग वेगळा मिळतो तोच आणा, पाण्यानं निघेल असा, दारं उघडी ठेवा. काही ऐकतात, काही म्हणतात ऑइलपेंटच चकाकतो. चकाकतो खरं. भांडायला त्राण नाही आता. चामुंडी सगळ्यांची कातडी शाबूत ठेवो, ऐकणाऱ्यांची आणि न ऐकणाऱ्यांचीही.