बठ्ठ्या गल्लीचं औषध

(जळगावचा एक सरकारी दवाखाना, १९५४ चा उन्हाळा. मोतीबिंदू काढून घरी गेलेला पितांबर सुजलेला डोळा घेऊन परत आला आहे. सोबत बायको भिकुबाई. समोर सिस्टर सुनंदाबाई.)

सुनंदाबाई : मावशी, ह्या आबांच्या औषधाची बाटली गल्लीत फिरवली? कोणाकोणाच्या डोळ्यात टाकलंत?

भिकुबाई : कोणाकोणाच्या काय बाई, बठ्ठ्यांचेच, सगळ्या गल्लीचेच डोळे आले व्हते. पहिले जीवरामची सून आली, मंग तिच्या जावा.

सुनंदाबाई : आणि तुम्ही टाकत सुटलात.

भिकुबाई : दारात आलेल्याले औषधाले नही म्हणू नये. म्हटलं तर दुखणं आपल्याच घरात मुक्काम करतं.

सुनंदाबाई : अहो, ते डोळे आल्याचं औषध नाही! ऑपरेशन झालेल्या डोळ्याची बाहुली मोठी राहावी, म्हणून दिलंय ते.

पितांबर : तरीच!

सुनंदाबाई : काय तरीच?

पितांबर : जीवरामची सून ज्वारी निवडता निवडता रडाय लागली. खडा कोणता, दाणा कोणता, समजेच ना. उजेड सोसेना म्हणून बठ्ठ्या बाया दारं लावून अंधारात बसल्या.

भिकुबाई : तोतारामभाऊ म्हणे, वहिनी, गल्लीची घुबडं करून टाकली तुम्ही.

सुनंदाबाई : हसताय काय? आबा, तुम्हीसुद्धा? एक डोळा लहानपणी देवीनं नेला. उरला हा. तोही पू धरून आलाय. हा गेला, तर कोणाकडे बघून हसणार?

पितांबर : नही हसत, बाई.

सुनंदाबाई : थेंब टाकायची काचेची नळी कुठाय? सगळ्यांना हीच?

भिकुबाई : हीच. पण दर टायमाले पुसली ना मी. पदरानं.

सुनंदाबाई : पदरानं!

भिकुबाई : धुतलेलं लुगडं व्हतं.

सुनंदाबाई : नळी डोळ्याला टेकवायची नाही, वरून थेंब सोडायचा, हे सांगितलं होतं ना मी?

भिकुबाई : माझा हात थरथरतो. टेकवली म्हणजे नेम चुकत नही.

सुनंदाबाई : धन्य आहे. आणखी काही?

पितांबर : सांग ना, नातीचं.

भिकुबाई : तुमले कोणी विचारलं?

सुनंदाबाई : नातीचं काय?

भिकुबाई : कान वाहत व्हता तिचा. रडून रडून जीव नकोसा केला. सोडले दोन थेंब. कान काय अन् डोळा काय, एकाच डोक्यात शे ना!

सुनंदाबाई : वाहत्या कानातली नळी परत बाटलीत, आणि तीच बाटली कापलेल्या डोळ्याला! मावशी, काय करू मी तुमचं? आणि एवढ्या लोकांना घालून बाटली अजून अर्धी कशी?

पितांबर : बोल आता.

सुनंदाबाई : मावशी?

भिकुबाई : थोडं पाणी टाकलं.

सुनंदाबाई : पाणी.

भिकुबाई : गाळून टाकलं. दुहेरी फडक्यानं.

सुनंदाबाई : आणा ती बाटली इकडे. फेकतेच. आबा, मान मागे. हा उकळून निवलेल्या पाण्याचा बोळा आहे. नाकाकडून कानाकडे पुसतेय, दचकू नका. आता बघा. किती बोटं?

पितांबर : नही दिसत.

भिकुबाई : अहो, नीट पाहा ना!

सुनंदाबाई : मावशी, गप्प. पापणी चिकटलीय अजून, दुसरा बोळा घेते. हं, आता?

पितांबर : पांढरं काही... थांबा. दोन. दोन बोटं.

सुनंदाबाई : दोनच. मावशी, रडू नका, अजून काही सुटलो नाही आपण. डॉक्टर पेनिसिलीन सुरू करतायत. सूज उतरेपर्यंत आबा इथेच राहतील. नातीला उद्या इकडे आणा. गल्लीलाही सांगा, डोळे आले तर दवाखान्यात या.

भिकुबाई : अन् घरी गेल्यावर पुन्हा कोणी मागाले आलं तर? माझ्या तोंडून ‘नही’ निघत नही.

सुनंदाबाई : सांगा, दवाखान्यातली बाई कजाग आहे. तिनं आबांची शपथ घातलीय.

भिकुबाई : खोटी शपथ कशी सांगू?

सुनंदाबाई : मग घातली. आबांची शपथ आहे तुम्हाला. झालं? आता साबणानं हात धुवून या. ही नवी बाटली, नवी नळी. माझ्यासमोर टाकून दाखवा.

भिकुबाई : हात हालतो ना, बाई.

सुनंदाबाई : मनगट त्यांच्या कपाळावर टेकवा, म्हणजे हलणार नाही.

भिकुबाई : इथं? एवढ्या माणसांत यांच्या कपाळाले हात लावू?

सुनंदाबाई : बठ्ठ्या गल्लीच्या डोळ्यांत बोटं घातलीत, आणि नवऱ्याची लाज?

पितांबर : टेकव वं. माले तर कोणी दिसत नही इथं.

सुनंदाबाई : असं. खालची पापणी ओढा. आबा, वर बघा. नळी वरच धरा, वरच! सोडा थेंब. हां. मिटा डोळा.

भिकुबाई : पडला?

पितांबर : पडला.

भिकुबाई : काढू का आता हात?

पितांबर : राहू दे थोडा.