दादाच्या तारेचं जातं

"दादा, तारेसाठी आईचंच जातं काहून?" मी विचारायचो, तो नुसता हसायचा. वारंगा फाट्यावर तो जाळावर तार वितळवून मोटारींचं तुटकं लोखंड जोडायचा. तारेचं भेंडोळं जात्यावर ठेवायचा. तार ओढली की वरचा दगड फिरायचा, गुंता व्हायचा नाही.

आई म्हणायची, "लई कारागीर झाला! मी शेजारणीकडं दळू का जन्मभर?"

परवा दादाचा दहावा होता. कावळा पिंडाला शिवेना.

मामा म्हणाले, "इच्छा राहिली असंल."

आई रडत म्हणाली, "राहू दे बाबा जातं तुलाच!" कावळा ढिम्म.

मी ओरडलो, "लबाडा, जातं आईला परत देतो!"

कावळा लगेच उतरला.

घरी येऊन मी भेंडोळं काढलं, जातं धुऊन आईपुढं ठेवलं अन् पहिली मूठ ज्वारी मीच टाकली.