पायऱ्यांशी काढलेला बूट

(मलेशियातल्या केलांतानमधलं एक गाव, खांबांवरच्या लाकडी घराची ओसरी. घरोघर फिरणारी नर्स नूरिझा म्हाताऱ्या देरामानच्या तळपायाची पट्टी सोडते आहे. बायको मेक नाब चहा घेऊन उभी.)

नूरिझा : ...हलू नका काका. दुखतंय?

देरामान : दुखतंय कुठलं! तुम्ही पाय धरलाय हेसुद्धा बघितलं म्हणून कळलं.

नूरिझा : तीच तर भीती आहे. जखम वाढलीय. काकू, चहात साखर?

मेक नाब : छे! थोडं डब्यातलं दाट दूध, एवढंच.

नूरिझा : अहो, त्या डब्यात दुधापेक्षा साखरच जास्त! बरं, भार टाचेवर घेणारा बूट दिला होता, तो घालता ना?

देरामान : रोज. अल्लाची शपथ.

नूरिझा : मग खाली पायऱ्यांशी पडलाय तो कुणाचा? तळ तर दुकानातल्यासारखा कोरा.

देरामान : बाहेर निघालो की घालतो.

नूरिझा : बाहेर म्हणजे कुठवर?

देरामान : मोटरसायकलपर्यंत.

मेक नाब : ती पायऱ्यांनाच टेकलेली असते.

देरामान : तू कुणाच्या बाजूची गं?

मेक नाब : माझ्या जमिनीच्या. जावई पोलिसात आहे, तोसुद्धा बूट काढूनच वर येतो.

नूरिझा : आणि दिवसभर घरात?

देरामान : पतंगांचे बांबू तासायचे, सुकवायचे, इकडून तिकडे चालूच. अनवाणी, माणसासारखा.

नूरिझा : प्रत्येक पाऊल जखमेवर पडतंय, काका. बूट घरातच घालायचा होता!

देरामान : घरात बूट? आई कबरीत उठून बसेल!

नूरिझा : गुरुवारी डॉक्टर बघतील. जखम भरायला लागली नसेल तर अर्धं पाऊल काढावं लागेल म्हणालेत.

देरामान : चला, पुढचा बूट अर्ध्या किमतीत.

मेक नाब : गप्प बसा हो!

नूरिझा : अजून वेळ गेलेली नाही. पण आजपासून, आत्तापासून.

मेक नाब : आणा तो बूट इकडे, धुऊन देते... हं. घाला. आता आत या.

देरामान : माझ्यानं नाही होत, नाब. उंबऱ्यापाशी पाय आपोआप थांबतो.

मेक नाब : मग थांबा तिथेच.

देरामान : खाली कुठे निघालीस? अगं... चपला घालून वर? त्या मासळीबाजारातल्या? नाब, चटईवरून?

मेक नाब : गेले ना मी आत? या आता. जमीन काय, पुसता येते.